पाचशे चाळीसात एक

बाळाच्या मानेमागची फट एक पूर्णांक सात दशांश मिलिमीटर होती. सोनोग्राफीच्या करड्या चित्रात तिच्या दोन्ही कडांवर एकेक बारीक फुली होती आणि फुल्यांच्या मधे ठिपक्यांची रेघ. फुली कडेच्या आत पडली की बाहेर, यावर दशांशाचा फरक पडतो, हे नेत्राला ठाऊक होतं. अलिबागच्या रक्त तपासणी केंद्रात तिला सहा वर्षं झाली होती. माप घेणाऱ्याने फुल्या जागच्या जागी ठेवल्या होत्या, एवढं तिने नीट पाहून घेतलं होतं. बाकीचं पाहण्याची गरज आहे असं तिला वाटलं नव्हतं.

ते चित्र आता देवघरासमोर, तांदळाच्या सुपाशेजारी पालथं ठेवलेलं होतं. नजर लागू नये म्हणून कृष्णाबाईंनी ते पालथं केलं होतं.

तिसऱ्या महिन्याच्या चोरओटीला आवाज करायचा नसतो. शेजारणींना बोलवायचं नाही, दार लोटून घ्यायचं, गाणी म्हणायची नाहीत. कृष्णाबाईंनी सुनेच्या पदरात तांदूळ घातले, नारळ घातला, सुपारी, हळकुंड आणि हिरवा खण. प्राप्ती खाली मान घालून पाटावर बसली होती. तिची आई, ठमीबाई, पेणच्या खाडीकडून सकाळीच मुलगा सुजित याच्याबरोबर आली होती. ओटीचं सगळं सामान तिनंच आणलं होतं, पण नवरा जाऊन सोळा वर्षं झालेली, म्हणून ती लांब भिंतीला टेकून बसली होती आणि लेकीच्या पदरात काय काय पडतंय ते मान उंच करून बघत होती.

अंगणात पुरुषांनी मडक्यात वालाच्या शेंगा भाजायची पोपटी लावायला घेतली होती. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला रचताना सासरे चांगदेव आणि प्राप्तीचा नवरा केतन यांचं चाललेलं बोलणं आत ऐकू येत होतं. शेंगा कमी आणल्या म्हणून बाप मुलाला बोलत होता आणि मुलगा हसत होता. केतन गेला आठवडाभर हसतच होता. त्याचे दोन ट्रेलर बंदरावर चालायचे, पण रिपोर्ट आल्यापासून तो रोज संध्याकाळी घरी जेवायला येत होता.

“नेत्रा, सांग ना मावशीला तो आकडा,” कृष्णाबाई म्हणाल्या.

“आई, किती वेळा सांगायचा?”

“अगो, त्यांना कुठं सांगितलायस?”

“पाचशे चाळीसात एक,” नेत्रा म्हणाली.

“म्हंजे चांगला का?” ठमीबाईंनी विचारलं.

“अडीचशेच्या वर असला की काळजी नाही, असं धरतात. म्हणजे वहिनीसारख्या पाचशे चाळीस बायका घेतल्या, तर त्यांतल्या एकीच्या बाळात तो दोष निघेल. मतिमंदत्वाचा. बाळाच्या मानेचं माप, आईचं रक्त आणि आईचं वय, असं सगळं धरून आकडा काढतात.”

“आनि त्याच्यात पोरगा का पोरगी ते कलतं?”

“ते सांगायचंच नसतं, मावशी. गुन्हा आहे.”

“मी आपली इचारली.” ठमीबाई ओशाळून हसली. विहिणीच्या घरात आपण काही गावंढळ बोललो की काय, अशी शंका तिला नेहमी यायची, आणि ती पुसून टाकायला ती आणखी बोलायची. “माझी हिरू पयल्यापासून सोशीक हाय. तुमच्या घरात येऊन प्राप्ती झाली, पन आमची हिरूच. आमी दोघं मिठागरावर दिवसभर. हा सुजित रांगायला लागला तवा हिनंच सांभालला. कडेवर घेऊन बांधावरून चालत यायची, दुसऱ्या हातात माझी भाकर. बांध केवढा, तं एवढाच. एकदाबी पडली न्हाय.”

“बाय बाय,” कृष्णाबाई कौतुकाने म्हणाल्या.

प्राप्तीने मान वर केली आणि आईकडे पाहिलं. ठमीबाई एकदम गप्प झाली. पदराचं टोक घेऊन तिने उगाचच तोंड पुसलं.

नेत्राच्या हातात हळदीकुंकवाचं ताट होतं. रांगणारं मूल आठ-नऊ महिन्यांचं असतं. वहिनीच्या तपासणीचा फॉर्म तिनंच भरला होता, आधार कार्ड समोर ठेवून. वहिनीची तारीख एक जून एक्याण्णव. सुजितचीही एक जूनच, पण ब्याण्णवची. गेल्या वर्षी त्याचा मेडिकलचा फॉर्मही तिच्याच हातून गेला होता आणि तेव्हा त्या दोन तारखांवरून सगळे हसले होते. सुजित रांगत होता तेव्हा वहिनी पावणेदोन वर्षांची असणार. पावणेदोन वर्षांचं मूल बांधावर स्वतः धड चालत नाही.

तिने ताट खाली ठेवलं. ते नीट टेकलं आहे की नाही, हे तिने दोनदा पाहिलं.

•

मागच्या पडवीत प्राप्ती ओटीचे तांदूळ डब्यात ओतत होती. नेत्रा दारात येऊन उभी राहिली, तेव्हाच ती काय विचारणार हे तिला कळलं. पाच वर्षं या प्रश्नाची वाट पाहिली होती. तो सासूकडून येईल, किंवा केतनकडून रागात येईल, असं तिला वाटायचं. नणंद इतक्या हळू आवाजात विचारेल, असं वाटलं नव्हतं.

“वहिनी, तुमचं खरं वय काय?”

डब्याचं झाकण बसेना. प्राप्तीने ते काढून पुन्हा लावलं.

“तुमी फॉर्ममदी लिवलंय तेच.”

“मी आधारवरचं लिहिलं. ते मला माहीत आहे. मी खरं विचारतेय.”

“शाळेत आमाला दोघांना एकाच दिवशी घातलं,” प्राप्ती म्हणाली. “आठ महिने मिठागरावर, मना कोन शाळंत घालनार? सुजित सहा वर्षांचा झाला तवा बाबा त्याला घेऊन जेले, मास्तर बोलले, हिलाबी आना. मी साडेधा वर्षांची होती. एवढी मोठी पोरगी पयलीत कशी लिवायची, म्हनून मास्तरांनी एकच वर्षानं मोठी लिवली. बाबांनी अंगठा केला. वर्गात सगल्यात उंच मी. मागं बसायची, पाय दुमडून.”

“म्हणजे चार वर्षं.”

“साडेतीनच्या वर.”

“आता सदतीस.”

“व्हय.”

नेत्रा मनात काहीतरी मोजत होती. तिचे ओठ किंचित हलत होते.

“मी लपवलं न्हाय,” प्राप्ती म्हणाली आणि लगेच थांबली. ते खरं नव्हतं. शाळेचं साल मास्तरांचं होतं, पण लग्नाच्या बैठकीत कुणीतरी विचारलं होतं, मुलगी केतनपेक्षा लहान ना? आणि सुजित म्हणाला होता, वर्षभराने. ती चहाचा ट्रे घेऊन आतल्या दाराशी उभी होती. तिने ऐकलं होतं.

आणि त्याहून वाईट होतं ते तीन आठवड्यांपूर्वीचं. डॉक्टरांनी कागद पाहून म्हटलं होतं, “तेहतीस. म्हणजे अजून पस्तिशीच्या आत आहात, बरं आहे. नंतर धोका वाढतो.” केतन शेजारी बसला होता. डॉक्टर तिच्याकडे बघत होते, जणू ती काही म्हणेल म्हणून. तिने भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं होतं, येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, आणि ती पाटी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचली होती. वाचून होईपर्यंत डॉक्टर पुढच्या ओळीवर गेले होते.

“डॉक्टर बोलले तवा मना कललं होतं,” ती म्हणाली. “का वय लागतं हिशोबाला. मी गप बसले. वाटलं, आकडा चांगला आयला तं कोनाला सांगायची गरजच न्हाय.”

“आणि आला.”

“आयला तवा मी हसले पन तुमच्यासंगती.”

नेत्रा पायरीवर बसली. “माझीही चूक आहे. मी तारीख विचारायला पाहिजे होती, नुसती कार्डावरून उतरवायला नको होती. आणि मी तो आकडा सगळ्या घराला वाचून दाखवला. दहावीचा निकाल असल्यासारखा.”

“आता किती व्हईल?”

“आम्ही नमुने पाठवतो ती लॅबच सांगेल. माझ्या अंदाजाने दोनशे तीसच्या आसपास.”

प्राप्तीने अडीचशेमधून दोनशे तीस वजा केले. उत्तर वीस आलं. एवढ्यानं काय होतं, असं म्हणायला ती गेली आणि तिचं तिलाच ते म्हणवेना.

“तुमी त्यांना सांगू नका,” ती म्हणाली. “केतनना. मी हात जोडते.”

“मी नाही सांगणार. पण लॅबला फोन करावा लागेल. तिथे सहापर्यंत माणसं असतात. दुरुस्त आकडा आला तर सोमवारी डॉक्टरांना दाखवता येईल. पुढची तपासणी सोळाव्या आठवड्यानंतर करतात, आपल्याला चौदावा चालू आहे. वेळ आहे, वहिनी. फार नाही.”

•

कृष्णाबाई पाणी प्यायला आत आल्या होत्या. पडवीच्या दाराआड त्या तांब्या हातात घेऊन उभ्या होत्या आणि “साडेतीनच्या वर” या शब्दांपासून पुढचं सगळं त्यांनी ऐकलं होतं.

पहिल्यांदा त्यांना राग आला नाही, हे त्यांचं त्यांनाच विचित्र वाटलं. पहिल्यांदा आठवली ती गेल्या वर्षीची हळद, पोयनाडच्या म्हात्र्यांकडची. त्यांची सून मुलापेक्षा दोन वर्षांनी मोठी निघाली होती. कृष्णाबाई भरल्या मांडवात म्हणाल्या होत्या, “पोराला बायको आनली का दुसरी आय?” सगळ्या बायका पोट धरून हसल्या होत्या. त्या हसण्यामधून प्राप्ती चहाचे पेले घेऊन फिरत होती. तिने सासूलाही एक पेला दिला होता.

कृष्णाबाईंनी तांब्या जमिनीवर ठेवला आणि पडवीत आल्या. मागोमाग ठमीबाईही आली. तिला ओटीच्या खोलीत एकटीला बसवत नव्हतं.

“इहीणबाई,” कृष्णाबाई म्हणाल्या, “तुमची पोर कवा झाली? खरं बोला.”

ठमीबाईने लेकीकडे पाहिलं. “मास्तरांनी लिवलं. आमी अडानी मानसं.”

“शालेचं मास्तरांनी लिवलं. लग्नाच्या बैठकीत पन मास्तर आयले होते?”

“तुळशीच्या लगनाच्या दुसऱ्या दिवशी झाली,” ठमीबाई म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की शेवटचा शब्द कुणाला ऐकू आला नाही. “सत्त्याऐंशीची दिवाली. बाप गेल्यावर हिनंच घर चालवलं, इहीणबाई. मिठाच्या गोण्या शिवल्या, सुजितला शिकवला. तवर बत्तीस झाले. बत्तीसची पोर कोन करनार होतं? तुमी केली असती?”

“न्हाय,” कृष्णाबाई म्हणाल्या.

अंगणातून धुराचा वास आला. पोपटीभोवतीचा पेंढा पेटवला होता.

“आई,” नेत्रा म्हणाली, “हे नंतर भांडा. मला लॅबला फोन करायचाय.”

“कनाला?”

“आकडा बदलेल. दोनशे तीसात एक, असा काहीतरी येईल.”

“दोनशे तीसात एक. म्हंजे दोनशे एकोनतीस पोरं चांगलीच ना?”

“हो.”

“मंग?”

“मग काय, आई? डॉक्टरांनी पुढची तपासणी नको म्हटलं, ते तेहतीस धरून. सदतीस धरलं असतं तर त्यांनी विचारलं असतं. करायची की नाही, ते वहिनीने ठरवायचं, पण विचारलं तर पाहिजे.”

“कसली तपासनी?”

“पोटातून सुई घालून बाळाभोवतीचं पाणी काढतात.”

“आग बाय,” ठमीबाई म्हणाली.

“हजारात दोन-चार बायकांचा गर्भ त्याने पडतो. तेही खरं आहे. मी लपवत नाही.”

“बगा,” कृष्णाबाई विहिणीकडे वळल्या, “चांगल्या पोटात सुई घालायची. पाच वर्षांनी दिवस ऱ्हायलेत.”

“देवानं दिलंय, त्याला सुई कनाला?” ठमीबाई म्हणाली.

“आनि वाईट निघालं तं काय करनार? पाडनार? आपल्या घरात?”

“आमच्या वाड्यावर तशी पोर हाय एक,” ठमीबाई म्हणाली. “कोलंबी सोलते सगल्यांची. हसतमुख हाय.”

“तिची आय गेल्यावर तिला कोन बगनार, ते बी सांगा ना,” नेत्रा म्हणाली, आणि तिला स्वतःच्या स्वराची लाज वाटली. केंद्रात येणाऱ्या बायकांशी ती असं कधी बोलत नसे.

दोन्ही आया आता पायरीवर शेजारी शेजारी बसल्या होत्या. पाच वर्षांत त्या कधी इतक्या जवळ बसल्या नव्हत्या. कृष्णाबाईंनी आवाज खाली आणला.

“हे बग नेत्रा. आपन चौघींना कललं, बास झालं. केतनला काय सांगायचं न्हाय. आकडा हाय तो ऱ्हाऊ दे. नऊ महिने सरले का कोन इचारतंय वय?”

“बरोबर हाय,” ठमीबाई म्हणाली. “हिरू, सासू सांगते ते ऐक.”

प्राप्ती उभीच होती. सासू तिच्यावर ओरडली असती तर तिला सोपं गेलं असतं. सासूने तिला आपल्या बाजूला घेतलं होतं, आणि ती बाजू कोणती होती हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती स्वतः तिथे पाच वर्षं बसली होती.

सुजित जाडं मीठ मागायला आत आला. चौघींचे चेहरे बघून तो दारातच थबकला.

“काय झालं? ताई?”

“कललं यांना,” प्राप्ती म्हणाली.

सुजितने कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. मग तो सरळ कृष्णाबाईंशी बोलला. “बैठकीत मी खोटं बोललो, मावशी. मी ताईला शिव्या खाऊ देनार न्हाय त्याच्यासाठी. भावजींना मी सांगतो पायजे तर. आत्ता सांगतो.”

“तू गप,” ठमीबाई म्हणाली.

“किती वर्षं गप बसायचं, आये? मना रोज वाटतं, आज कोन तरी इचारंल.”

“तू न्हाय सांगायचं,” प्राप्ती म्हणाली. “तू एकदा माज्यासाठी बोललास. तेवढं पुरं झालं.”

नेत्राने फोन लावला. पलीकडच्या मुलीने नमुन्याचा क्रमांक विचारला, नेत्राने तो पाठ म्हणून दाखवला. “शोधून दोन मिनिटांत परत करते, मॅडम. बदललेली जन्मतारीख तयार ठेवा,” ती मुलगी म्हणाली.

नेत्राने फोन हातातच धरून ठेवला. वाईट निघालं तं काय करनार, हे सासूने विचारलं होतं आणि प्राप्तीला त्याचं उत्तर माहीत नव्हतं. रात्री तिला वाटायचं, कसंही असलं तरी माझंच. पहाटे वाटायचं, आपण चाळिशीला टेकलेलो, ते पोर तीस वर्षांचं होईल तेव्हा आपण कुठे असू? सकाळी केतन चहाला हाक मारायचा आणि दोन्ही विचार पाचशे चाळीसच्या मागे जाऊन लपायचे. एवढं एक तिला आता कळत होतं, की ते उत्तर शोधायचं तर आधी तो आकडा तिथून काढावा लागेल.

“मीठ आनायला मुंबईला जेला का हा?” म्हणत केतन आत आला. हात राखेने माखलेले, गळ्यात टॉवेल. त्याने आळीपाळीने सगळ्यांकडे पाहिलं. “काय रे, भांडण बिंडण काय?”

“बायकांचं हाय,” कृष्णाबाई म्हणाल्या. “तू जा बाहेर, मडकं बग.”

“बाबा बघतायत. प्राप्ती, बरं वाटत नाही का?”

“बरी हाय मी.”

नेत्राच्या हातातला फोन वाजला.

“कोणाचा?” केतनने विचारलं.

“लॅबचा.”

“लॅबचा कशाला? रिपोर्ट तर आलाय.”

नेत्राने फोन कानाला लावला. “हो, मीच. लाईनवर राहा,” ती म्हणाली आणि आईकडे पाहिलं. कृष्णाबाईंनी सुनेकडे न बघता, अगदी सहज, भाजीचा भाव सांगावा तसं म्हटलं, “काय न्हाय रं. नावाचं इंग्लिश चुकलंय तिच्या. तेवढं सुधारायचं हाय.”

“व्हय व्हय, नावाचं,” ठमीबाई म्हणाली.

केतनने मान डोलावली. त्याचा विश्वास बसला होता. तो वळायला लागला.

फोनमधून तो बारीक आवाज पुन्हा आला, मॅडम, जन्मतारीख? नेत्रा फक्त वहिनीकडे बघत राहिली.

“नावाचं न्हाय,” प्राप्ती म्हणाली.

केतन थांबला.

“नाव बरोबर हाय. साल चुकलंय.” ती न थांबता बोलत गेली. “मी एक्यान्नवची न्हाय. मी तुमच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी हाय, आनि ते मना लग्नाच्या आधीपासून ठावं हाय. डॉक्टर वय बोलले तवा तुमी माज्या शेजारी होतात. मी गप बसले.”

“काय बोलतेस तू?” केतन म्हणाला.

“प्राप्ती,” कृष्णाबाई म्हणाल्या.

“मना बोलू द्या, आई. परत जमनार न्हाय.” ती नेत्राकडे वळली. “नोव्हेंबर सत्त्याऐंशी घाल, नेत्रा. आकडा येईल तो येईल. पन डॉक्टरांना सोमवारी सांग, सुईची तपासनी करायची हाय. मी सही करनार, माज्या खऱ्या वयानं. इतक्यात एक, तितक्यात एक, असं मना आता नको. हाय का न्हाय, ते पायजे.”